नववीतल्या मुलाला अध्ययन अक्षमता असेल, तर कुठे जायचं आणि काय मागायचं

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा साडेचौदा वर्षांचा, नववीत, सेमी इंग्रजीला. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, पण वाचताना अडखळतो, त्याचं अक्षर कुणाला लागत नाही, फळ्यावरचं उतरवून होत नाही. सहामाहीला गणितात चाळीसपैकी नऊ. शाळेत म्हणतात लक्ष नाही. क्लासचे सर आळशी म्हणतात आणि मारतात. मामाबरोबर शेतावरच्या मोटारी उघडतो, तिथं मात्र चुकत नाही. गणिताच्या वहीत मागच्या पानांवर मोटारीच्या वायरिंगच्या आकृत्या काढून ठेवल्यात. ओळखीच्या एक नर्सबाई म्हणाल्या, ही अध्ययन अक्षमता असेल. मिस्टर म्हणतात दहावी झेपणार नाही, दुकानात बसवू. उशीर झालाय का? कुठे जाऊ? मुलाला काय सांगू?"

ताई, मी विशेष शिक्षिका आहे. 22 वर्षं याच मुलांबरोबर काम करते, आणि त्यातली बरीचशी माझ्याकडे आठवी-नववीतच आली. तेव्हा उशिराचं आधी सांगते. तिसरी-चौथीत कळलं असतं तर मुलाचा बराच त्रास वाचला असता, हे खरं आहे. पण आत्ता दिवाळी होऊन गेली आहे आणि त्याचे दहावीचे फॉर्म पुढच्या दिवाळीच्या आगेमागे भरले जातील. म्हणजे तुमच्या हातात जवळपास वर्ष आहे. तपासणी, प्रमाणपत्र, शाळेचा प्रस्ताव आणि सरावाला सुरुवात, एवढं सगळं त्यात बसतं. दहावीच्या जानेवारीत धावत येणाऱ्या आईवडिलांना मात्र मी हे सांगू शकत नाही.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण "तोंडी येतं, लेखी येत नाही" हे तुमचं वाक्य वाचून मी थांबले. त्याचं कारण सांगते. मोठी मुलं पहिल्यांदा येतात तेव्हा मी त्यांना चौथीच्या पातळीचा एक उतारा वाचायला देते, पण वेगळ्या कागदावर छापून. नववीच्या मुलापुढे चौथीचं पुस्तक ठेवलं, की तो तिथेच मिटतो. असाच एक मुलगा, तुमच्या मुलाच्या वयाचा. बोट ओळीखाली घट्ट दाबलेलं. "धरणाच्या"चं "घरणाच्या" झालं. "पूर्वेकडून" मधला रफार कुठे उच्चारायचा ते कळेना. "पुरवेकडून" म्हणाला, मग "पुवेकडून", मग शब्दच सोडून पुढे गेला. तिसऱ्या ओळीला त्यानं पाणी मागितलं. सात ओळींना साडेचार मिनिटं लागली. काय वाचलंस विचारल्यावर "धरण" एवढंच म्हणाला. मग तोच उतारा मी त्याला एकदा वाचून दाखवला. त्यानं धरणाचे दरवाजे पावसाळ्यात आधीच का उघडतात ते नीट समजावून सांगितलं, आणि वर मला विचारलं, रात्री उघडले तर खालच्या गावांना कळवतं कोण? उताऱ्यात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

अध्ययन अक्षमतेत समज शाबूत असते, पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ मेंदूत पटकन बसत नाही. आपल्याला जे वाचन आपोआप होतं, ते या मुलांना प्रत्येक शब्दाशी झुंजून करावं लागतं, आणि त्यात शक्ती संपली की अर्थ लावायला काही उरत नाही. वाचनात असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्यात असेल तर डिसग्राफिया, आकडेमोडीत असेल तर डिस्कॅल्क्युलिया. बहुतेक मुलांत दोन-तीन एकत्र असतात. डोळ्यांचा नंबर नाही, आळस नाही, तुमच्या संस्काराचाही प्रश्न नाही. आणि ही गोष्ट औषधाने जात नाही. मुलगा तिच्यासकट शिकतो.

आता कुठे जायचं. पहिली पायरी साधी आहे: डोळे आणि कान तपासून घ्या, तालुक्यालाच. त्यानंतर साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र या नावाने जो विभाग असतो तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नावामुळे लोकांना वाटतं की तो फक्त तान्ह्या बाळांचा. जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा (एसएलडी म्हणजे हीच अध्ययन अक्षमता): "एसएलडीची तपासणी इथे होते का, आणि कोणत्या वारी?" होत नसेल तर कुठे पाठवता ते विचारा आणि तशी चिठ्ठी घ्या. तपासणीची सोय प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नसते, मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जावं लागू शकतं. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आणि नायर रुग्णालय हे काम फार वर्षांपासून करत आहेत. महाराष्ट्रात या मुलांना परीक्षेतल्या सवलती 1996 पासून मिळू लागल्या, त्यामागे अशाच रुग्णालयांतल्या बालरोगतज्ज्ञांची चिकाटी होती.

एक गोंधळ मी दर वर्षी पाहते. आईवडील खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जातात, पैसे भरून दहा पानी अहवाल आणतात, आणि तो शाळेत दिला म्हणजे झालं असं समजतात. तो अहवाल मुलाला समजून घ्यायला उपयोगी आहे, चांगला असेल तर फारच. पण दहावीची परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाला लागतं ते अधिकृत वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने जे 21 प्रकार मानले, त्यात "विशिष्ट अध्ययन अक्षमता" आहे, आणि त्याचं प्रमाणपत्र इतर दिव्यांगत्वासारखंच स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करून, ठरलेल्या रुग्णालयात तपासणी होऊन मिळतं. त्याच अर्जातून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्रही मिळतं. तालुक्याच्या सेतू केंद्रात किंवा सायबरमध्ये अर्ज भरून मिळेल, पण प्रकार निवडताना स्वतः शेजारी बसा. घाईत "बौद्धिक अक्षमता" निवडली गेली आणि सगळं पुन्हा करावं लागलं, असं माझ्यासमोर घडलंय.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचं झाल्यावर देतात, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासतात आणि अठराव्या वर्षी शेवटची तपासणी होऊन ते कायमचं होतं. तुमच्या मुलाचं आत्ता चौदा पूर्ण आहे. म्हणजे दहावी आणि बारावी या दोन्हींची सोय एकाच तपासणीत होण्यासारखी आहे.

तपासणी एका दिवसात होत नाही. दोन ते चार खेपा धरून चला, एसटीच्या वेळा बघून. आधी बुद्धिमापन होतं, कारण बुद्ध्यांक सर्वसाधारण असूनही वाचन-लेखन-गणित मागे आहे हेच त्यांना पाहायचं असतं. मग त्या तीन गोष्टींच्या चाचण्या. तिथे पहिल्यांदाच सांगा की घरची भाषा मराठी आहे आणि शाळेत गणित-विज्ञान इंग्रजीतून आहे. भाषेच्या अडचणीला अक्षमता समजलं जाऊ नये आणि अक्षमतेला भाषेची अडचण समजलं जाऊ नये, दोन्ही होऊ शकतं. बरोबर आधारकार्ड, फोटो, पहिलीपासूनच्या मिळतील तेवढ्या गुणपत्रिका, शाळेचं पत्र आणि वह्या न्या. वह्या खऱ्या न्या. बहिणीने सुवाच्य अक्षरात पूर्ण करून दिलेली वही दाखवून काही कळत नाही.

कधीकधी निकाल वेगळा येतो. बुद्ध्यांक सर्वसाधारणपेक्षा जरासा खाली निघतो, मग अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळत नाही. अशी मुलं दोन्हीकडून सुटतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण मदत त्यांनाही तेवढीच लागते. तसं झालं तर खचू नका. प्रमाणपत्रावर परीक्षेतल्या आणि पुढच्या प्रवेशातल्या सवलती अवलंबून आहेत, शिकवण्याची पद्धत नाही.

आता शाळा. मुख्याध्यापकांना भेटा, तक्रार घेऊन जाऊ नका. दिव्यांग हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट असं स्पष्ट लिहिलेलं आहे, ते तुम्हाला माहीत असू द्या, पण पहिल्या भेटीत टेबलावर आपटू नका. बऱ्याच शाळांत शिक्षकांना हे कुणी शिकवलेलंच नसतं. तुमच्या तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात, शाळांना भेटी देतात. मुख्याध्यापकांनी तिथे एक पत्र दिलं तर ते वर्गशिक्षकांशी बोलू शकतात. हे फुकट आहे आणि फार थोडे पालक मागतात.

प्रमाणपत्र आल्यावर शाळा सवलतींचा प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवते. साताऱ्यासाठी ते कोल्हापूर. इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलाबरोबर मी आठवडे न आठवडे घासलं, वाचन सुधारलं, प्रमाणपत्र वेळेत आलं, शाळेत जमा केलं. मी धरून चालले की प्रस्ताव गेला असेल. तो कार्यालयातल्या कपाटात फायलीत राहिला. मुलगा जादा वेळेशिवाय पेपरला बसला, आणि प्रत्येक पेपरला शेवटचे दोन प्रश्न कोरे ठेवून आला. तेव्हापासून मी पालकांना सांगते: कागद दिला की पोच घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या, महिन्याने जाऊन प्रस्तावाच्या जावक क्रमांकाची चौकशी करा. यात कुणावर अविश्वास नाही. लिपिकाच्या टेबलावर दोनशे मुलांचे कागद असतात, तुमच्या पोरासाठी तुम्ही एकट्या असता.

राज्य मंडळाच्या परीक्षेत या मुलांना तासाला 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, भाषेत सूट, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित व जोडीला कार्यानुभवाचा विषय, अशा सवलती मिळत आल्या आहेत. त्या वर्षीचं परिपत्रक शाळेकडून मागून वाचा. पण मिळतंय म्हणून सगळं घेऊ नका. तुमच्या मुलाचा जीव मोटारींत आहे. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला दहावी गणित-विज्ञानासह लागते, पॉलिटेक्निकच्या अभ्यासातही गणित लागतं. आज अंकगणिताचा सोपा पर्याय घेतला तर ज्या दाराकडे तो स्वतःहून चाललाय तेच बंद होईल. मी असते तर गणित सोडलं नसतं. कॅल्क्युलेटर आणि जादा वेळ घेऊन पस्तीसपर्यंत नेलं असतं. भाषेच्या सवलतीचा विचार मात्र केला असता.

लेखनिकाबद्दल जरा थांबून सांगते, कारण मुलं इथेच फसतात. लेखनिक मिळाला की सुटलो असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तोंडाने उत्तर "लिहिणं" ही वेगळी कला आहे आणि ती शिकवावी लागते. मी दोघांना समोरासमोर बसवते, लेखनिक खालच्या वर्गातला असतो. पहिल्या दिवशी मुलगा गप्पा मारल्यासारखं भरभर सांगतो, लेखनिक तीन शब्द मागे राहतो, मुलगा थांबतो, विसरतो, चिडतो. मग आम्ही ठरवतो: आधी मनात वाक्य पूर्ण करायचं, मग पाच-सहा शब्दांचा तुकडा, लेखनिकाचं पेन थांबलं की पुढचा. "नवीन मुद्दा", "अधोरेखित" हेही सांगायचं. आकृती स्वतः काढायची. शेवटी लेखनिकाकडून उत्तर वाचून घ्यायचं. हे बसायला माझ्याकडे आठ-दहा बैठका लागतात, म्हणून नववीच्या शेवटच्या परीक्षेतच शाळेला लेखनिक द्यायला सांगा.

आणि मुलाला विचारल्याशिवाय लेखनिक ठरवू नका. एका मुलीसाठी आईवडिलांनी, शाळेनं आणि मी मिळून सगळं ठरवलं होतं. सराव परीक्षेला ती वेगळ्या खोलीत गेली, लेखनिकाला म्हणाली, "तू बस नुसती," आणि तीन तास स्वतः लिहीत राहिली. मैत्रिणी दारातून बघत होत्या. पंधराव्या वर्षी त्या नजरेचं ओझं किती असतं ते मी विसरले होते. नंतर तिनेच सांगितलं की तिला फक्त जादा वेळ हवाय. तोच घेतला. लहान मुलाला मदत देताना त्याला विचारलं नाही तरी चालून जातं. या वयात मुलाच्या संमतीशिवाय दिलेली मदत तो वापरत नाही, आणि मी तुम्हाला जे सगळं सांगतेय ते त्याच्या होकारावर उभं आहे.

गणिताचं घरी करण्यासारखं एक सांगते. तो आकडे ऐकून चुकीचे लिहितो का बघा. त्रेसष्ट ऐकून 36. मराठीत आपण आधी एकक बोलतो आणि मग दशक, लिहिताना मात्र आधी दशक. एकोणसत्तरमध्ये तर सत्तर ऐकू येतं आणि लिहायचे असतात सहा आणि नऊ. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" अशी जोडीची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला मात्र माझी मुलं आठवली. तुमच्या मुलाला "साठ तीन" असं म्हणून लिहू द्या, घरात कुणी हसू नका. गणित येत नाही असं वाटणाऱ्या काही मुलांचे निम्मे गुण उतरवण्याच्या चुकीत जातात.

सेमी इंग्रजीतून पूर्ण मराठीत आणू का, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारालच. घाईने हो म्हणू नका. मराठी पुस्तकातले "प्रकाशसंश्लेषण", "अपवर्तनांक" हे शब्द जोडाक्षरांनी भरलेले आहेत, डिस्लेक्सियाच्या मुलाला तेही डोंगरच. विज्ञानाचा एकच धडा एकदा इंग्रजीतून आणि एकदा मराठीतून वाचून दाखवा, मग त्याला सांगायला लावा. कुठे जास्त सांगतो ते बघा आणि मग शाळेशी बोला.

रोजच्या अभ्यासासाठी कानांचा वापर करा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आणि फोन ती मराठीत वाचून दाखवतो. केंद्र सरकारचं सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन ग्रंथालय आहे, छापील मजकूर वाचायला अडचण असणाऱ्या सगळ्यांसाठी, त्यात डिस्लेक्सियाची मुलंही येतात. फोनवर बोलून मराठी टाइप करता येतं. त्याने उत्तर बोलावं, फोनने लिहावं, मग तो वाचून दुरुस्त करेल. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे तुम्ही स्वयंपाक करताना त्याला इतिहासाचा धडा सांगायला लावा. हा अभ्यासच आहे, "वही काढून बस" म्हणण्यापेक्षा कितीतरी खरा.

विशेष शिक्षक शोधताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का विचारा, क्रमांक मागा, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. आठवड्याला दोन-तीन बैठका, पाऊण-पाऊण तासाच्या. तालुक्यात कुणी नसेल तर ऑनलाइन चालतं, फक्त फोन वहीवर रोखलेला हवा, चेहऱ्यावर नको. मला जे शिक्षक "तीन महिन्यांत बरा करतो" म्हणतात त्यांची भीती वाटते. "मेंदू जागा करणारे" मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे वर्ग, रंगीत काचांचे चष्मे, स्मरणशक्तीचे सिरप, यात पैसा घालू नका. तेवढ्या पैशांत एसटीच्या सगळ्या खेपा होतील.

क्लास बंद करा. हे मी सौम्यपणे सांगू शकत नाही. शाळेत मारणं शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे. क्लासला तर तुम्ही पैसे भरून पाठवताय. वाचता न येण्याबद्दल मार खाल्लेलं मूल आणखी वाईट वाचतं, कारण घाबरल्यावर आपल्यापैकी कुणालाही अक्षरं दिसत नाहीत. त्या वेळात तो झोपला तरी चालेल.

त्याच्या मनाकडेही बघा. शाळेच्या दिवशीच पोट दुखणं, जेवण कमी होणं, मित्र तुटणं, "मी कशालाच लायक नाही" असं बोलणं, यातलं काही दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. मध्यरात्री काळजी वाटली तर 14416 हा टेलीमानसचा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव देण्याचं तोंडातून निघालं तर ते चिडून बोललाय असं समजून सोडू नका. त्याच दिवशी दाखवा.

नियमित शाळा अगदीच झेपली नाही तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, ज्याला सगळे एनआयओएस म्हणतात. पाच विषय, त्यात एक भाषा पुरते, एकेक विषय वेगवेगळ्या वेळी देता येतो, परीक्षा वर्षातून दोनदा. प्रमाणपत्र मान्य आहे. पण शाळा सुटते तेव्हा सोबतीही सुटतात, आणि चौदाव्या वर्षी घरी एकटं बसणं बऱ्याच मुलांना मानवत नाही. माझ्या मते हा दुसरा रस्ता, पहिला नाही.

दहावीनंतरही हे कार्ड लागेल. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, म्हणून प्रमाणपत्रावर टक्केवारी नीट लिहिली आहे ना, हे हातात पडल्याबरोबर बघा. 2021 च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका मुलीला केंद्रावर तिचा हक्काचा जादा तास दिला नव्हता. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं स्पष्ट म्हटलं. लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट लावता येत नाही, असाही त्याच वर्षीचा निकाल आहे. तुमच्या जिल्ह्यात सगळी दारं बंद झाली तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे साध्या कागदावर अर्ज करता येतो.

मिस्टरांशी बोलताना "दिव्यांग" या शब्दावर गाडी अडेल, बहुतेक घरांत अडते. लोक काय म्हणतील, पुढे लग्नाचं काय. त्यांना खोटं ठरवू नका. हे बरेचदा घराण्यात असतं, आणि माझ्या खोलीत मुलाचा अहवाल ऐकता ऐकता गप्प झालेले वडील मी पुष्कळ पाहिलेत. एक जण बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला सातवीत काढला तो याच्यामुळेच." त्या माणसाने नंतर मुलाची एकही खेप चुकवली नाही. मिस्टरांना पहिल्या खेपेला बरोबर घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं आणि बायकोच्या तोंडून ऐकलेलं यांत फरक पडतो, पडू नये, पण पडतो. आणि दुकान कुठे जात नाही. दहावी झाल्यावरही ते असेल.

राहिला मुलगा. त्याला तपासणीला फसवून नेऊ नका, "डोळे दाखवायचेत" म्हणून तर अजिबात नाही. तो आणि तुम्ही दोघंच असताना सांगा, तो मोटारीजवळ बसलेला असताना सांगितलं तर उत्तम, कारण हात कामात असले की मुलं ऐकतात. शब्द साधे ठेवा: "तुला समजतं हे मला माहीत आहे. वाचताना आणि लिहिताना तुला जो त्रास होतो त्याला नाव आहे. तो तुझा आळस नव्हता आणि इतके दिवस आम्हाला कळलं नाही, ती चूक आमची. एक तपासणी असते, ती करायची का?" मग थांबा. तो कदाचित काही बोलणार नाही, उठून जाईल. चार दिवसांनी तोच विचारेल. बहुतेक मुलं माझ्याकडे पहिला प्रश्न हाच विचारतात, "म्हणजे मी ढ नाहीये ना?"

तो हो म्हणाला की पहिल्या खेपेची तारीख त्यालाच ठरवू द्या. आणि जाताना गणिताची ती मागच्या पानांवरच्या आकृत्यांची वही पिशवीत टाका. तपासणाऱ्या मॅडमना ती वही तुम्ही देऊ नका, त्याला स्वतःला दाखवू दे.